बुळकांडीच्या आड दडलेली साथ

शेळ्या-मेंढ्यांच्या साथीच्या रोगांत आज सर्वांत घातक मानला जातो तो पीपीआर. पशुवैद्यकाच्या पुस्तकात त्याचे लांबलचक फ्रेंच नाव आहे. गोठ्यात आणि बाजारात मात्र त्याला नुसते ‘पीपीआर’ किंवा ‘शेळ्यांचा प्लेग’ म्हणतात. या रोगाची पहिली शास्त्रीय नोंद १९४२ मध्ये पश्चिम आफ्रिकेत झाली आणि भारतात तो निश्चितपणे ओळखला गेला १९८७ मध्ये. या दोन सालांमधल्या पंचेचाळीस वर्षांत आणि त्याआधीही या रोगाने किती कळप संपवले याचा हिशेब कुठेच सापडत नाही. कारण शेळी किंवा मेंढी या रोगाने मेली की तिचा मृत्यू गाई-बैलांच्या ‘बुळकांडी’च्या खात्यावर लिहिला जाई, किंवा मुळीच लिहिला जात नसे. लहान जनावराच्या मरणाकडे गांभीर्याने पाहायला शास्त्राला आणि सरकारला किती उशीर लागला, हे या रोगाच्या इतिहासातून स्पष्ट दिसते.

रोगाचे स्वरूप

पीपीआरचा विषाणू माणसातील गोवर, कुत्र्यांतील डिस्टेंपर आणि गाई-म्हशींतील बुळकांडी यांच्या विषाणूंच्या कुळातला आहे. संसर्ग झाल्यावर साधारण चार ते सहा दिवसांत जनावराला सणकून ताप येतो. ते चारा सोडते, कळपापासून बाजूला मान खाली घालून उभे राहते. नाका-डोळ्यांतून आधी पाण्यासारखा स्राव गळतो. दोन-तीन दिवसांत तो घट्ट व पिवळसर होऊन नाकपुड्यांवर खपली धरते आणि पापण्या चिकटतात. हिरड्या, जीभ आणि ओठांच्या आतल्या बाजूला कोंड्यासारखा थर दिसतो, त्याखाली व्रण होतात आणि तोंडाला उग्र दुर्गंधी येते. पुढे पातळ, घाण वासाची हगवण लागते, फुप्फुसाला सूज येऊन धाप लागते, गाभण माद्या गाभडतात. बळी पडणारी बहुतेक जनावरे लक्षणे दिसू लागल्यापासून पाच ते दहा दिवसांत मरतात. ज्या कळपात हा रोग पूर्वी कधी आलेला नसतो, तिथे जवळजवळ सगळी जनावरे आजारी पडू शकतात आणि निम्म्याहून अधिक दगावू शकतात. शवविच्छेदन केले तर मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात लाल रेघांचे पट्टे दिसतात. अनुभवी पशुवैद्याच्या मनात पहिली शंका येते ती त्यांच्यावरून.

बरे झालेले जनावर आयुष्यभर या रोगापासून सुरक्षित राहते. ते विषाणू अंगात बाळगून इतरांना रोग देत फिरत नाही. विषाणूही उन्हात आणि उष्णतेत फार काळ तग धरत नाही. म्हणून या रोगाला टिकून राहायचे तर रोज नवे, रोगाला न सरावलेले जनावर हवे असते आणि ते त्याच्या अगदी जवळ यावे लागते. शिंक, खोकला, लाळ, शेण, एकाच गव्हाणीतला चारा आणि एकाच कुंडातले पाणी ही या रोगाची वाहने आहेत. गाई-म्हशींना संसर्ग होऊ शकतो, पण त्या आजारी पडत नाहीत आणि रोग पुढेही देत नाहीत. माणसाला तो होत नाही.

बुळकांडीचे राज्य

हा रोग इतकी वर्षे का दडून राहिला हे कळण्यासाठी बुळकांडीचा इतिहास पाहावा लागतो. बुळकांडी हा गाई-बैलांचा आणि म्हशींचा काळ होता. ताप, तोंडात व्रण, डोळ्यांतून पाणी आणि प्राण घेणारी हगवण ही तिचीही लक्षणे. बैल गेला की नांगर थांबे, मोट थांबे, गाडी थांबे, आणि नांगर थांबला की सरकारचा शेतसाराही अडे. त्यामुळे एकोणिसाव्या शतकातील भारतात पशुवैद्यकशास्त्राची उभारणी झाली ती लष्कराच्या घोड्यांसाठी आणि शेतकऱ्याच्या बैलांसाठी.

या उभारणीत पुण्याचे स्थान महत्त्वाचे आहे. लष्करी पशुवैद्यकीय शिक्षणाची सुरुवात येथे १८६२ मध्ये झाली. गुरांच्या साथींची चौकशी करणाऱ्या आयोगाचा अहवाल १८७१ मध्ये आला. बुळकांडीसारख्या रोगांच्या अभ्यासासाठी ९ डिसेंबर १८८९ रोजी पुण्यातच इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी स्थापन झाली आणि आल्फ्रेड लिंगार्ड तिचे पहिले प्रमुख झाले. घातक जंतूंवरचे काम दाट वस्तीपासून दूर आणि थंड हवेत व्हावे म्हणून १८९३ मध्ये ही प्रयोगशाळा कुमाऊँच्या डोंगरातील मुक्तेश्वरला हलवण्यात आली. आजची भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था तिच्यातूनच वाढली. शंभर वर्षांनी पीपीआरवरची भारतीय लस याच मुक्तेश्वरात तयार व्हायची होती.

मुक्तेश्वरात १९२० च्या दशकात जे. टी. एडवर्ड्स यांनी बुळकांडीचा विषाणू एका शेळीतून दुसऱ्या शेळीत, असा पुन्हा पुन्हा नेला. त्यामुळे गुरांच्या दृष्टीने तो सौम्य झाला आणि त्यापासून देशी गुरांना देता येईल अशी लस निघाली. १९५४ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बुळकांडी निर्मूलन कार्यक्रमाचा आधार ही शेळीपासून बनवलेली लसच होती. गाई-बैल वाचवण्याच्या या मोठ्या कामात शेळीची भूमिका लस तयार करण्याचे साधन एवढीच राहिली. खुद्द शेळ्या-मेंढ्यांना बुळकांडीसारखा काही आजार झालाच, तर तो गुरांकडून आलेली बुळकांडी असे समजले जाई. तसे समजण्यात वरवर काही गैरही नव्हते, कारण बुळकांडीचा विषाणू शेळ्या-मेंढ्यांनाही खरोखरच बाधत असे.

आफ्रिकेतील ओळख

हा रोग वेगळा असल्याची पहिली खूण फ्रेंचांच्या ताब्यातील आयव्हरी कोस्टमध्ये मिळाली. गार्गादेनेक आणि लालान या दोन पशुवैद्यांनी १९४२ मध्ये नोंद केली, की बुळकांडीसारख्या लक्षणांनी शेळ्या-मेंढ्या मरत असताना त्यांच्या संपर्कातल्या गुरांना काहीच होत नाही. बुळकांडी असती तर गुरे आधी मेली असती. निरीक्षण साधे होते, पण त्याचा अर्थ लागायला बरीच वर्षे गेली. सेनेगलमध्येही असा आजार दिसला. नायजेरियात लोक त्याला ‘काटा’ म्हणत. तरीही १९५० च्या दशकात तज्ज्ञांचे मत असे होते, की हा बुळकांडीचाच विषाणू असून शेळ्या-मेंढ्यांना सरावल्यामुळे त्याची गुरांना बाधण्याची ताकद गेली आहे.

या समजाला प्रयोगशाळेतूनही एक प्रकारे बळ मिळत होते. दोन्ही विषाणू इतके जवळचे आहेत, की एकाविरुद्ध शरीरात तयार झालेली प्रतिपिंडे दुसऱ्यालाही काही प्रमाणात निष्प्रभ करतात. बुळकांडीची लस टोचलेली शेळी पीपीआरपासूनही वाचते. त्यामुळे त्या काळच्या रक्ततपासणीत दोन्ही रोग एकच भासत. १९७९ मध्ये गिब्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा गोवराच्या कुळातला स्वतंत्र, चौथा विषाणू असल्याचे मांडले. त्यानंतरही जुन्या निदानांची फेरतपासणी व्हायला वेळ लागला. सुदानमध्ये १९७० च्या दशकाच्या आरंभी शेळ्या-मेंढ्यांत आलेली साथ बुळकांडी म्हणून नोंदली गेली होती. ती पीपीआरची होती हे १९८४ मध्ये प्रसिद्ध झाले. दोन्ही विषाणू खात्रीने वेगळे ओळखणाऱ्या चाचण्या १९८० च्या दशकाअखेरीपासून हाती येऊ लागल्या.

अरसूर आणि त्यानंतरचा भारत

भारतात हा रोग पहिल्यांदा पक्का ओळखला गेला तो तमिळनाडूतील अरसूर या गावच्या मेंढ्यांत, १९८७ मध्ये. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील एम. एस. शैला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो विषाणू पीपीआरचा असल्याचे दाखवले आणि १९८९ मध्ये ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पुढची काही वर्षे हा दक्षिणेकडचा रोग मानला जात होता. १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत आंध्र, कर्नाटक आणि महाराष्ट्रातही त्याचे निदान झाले आणि १९९४ पासून हिमाचल प्रदेशापर्यंत उत्तर भारतात त्याच्या साथी नोंदल्या जाऊ लागल्या.

इतक्या थोड्या वर्षांत रोग देशभर पसरला, की तो आधीपासून देशभर होता आणि आता फक्त ओळखता येऊ लागला? जुन्या नोंदी चाळणाऱ्या संशोधकांचा कल दुसऱ्या शक्यतेकडेही गेला. ‘शेळ्या-मेंढ्यांतील बुळकांडी’ अशा नोंदी भारतात कित्येक दशके होत आल्या होत्या आणि त्यांतल्या काही तरी पीपीआरच्या असाव्यात असे मानायला जागा आहे. १९९५ नंतर देशात बुळकांडीची साथ आली नाही. मोठ्या रोगाचा पडदा असा दूर झाल्यावर मागचा रोग स्पष्ट दिसू लागला. दुसरीकडे, जनावरांची वाहतूक वाढल्याने तो नव्या भागांत पोचला हेही तितकेच खरे. दोन्ही गोष्टी एकाच काळात घडल्यामुळे त्या एकमेकींपासून वेगळ्या काढणे कठीण आहे.

साथीच्या वाटा

विषाणू स्वतःहून चार पावलांपलीकडे जात नाही. जनावर जिथे जाते तिथे तो जातो, आणि जनावर कुठे जाणार हे माणूस ठरवतो. दख्खनमध्ये याच्या तीन ठळक वाटा आहेत.

पहिली वाट धनगरांच्या वाड्यांची, म्हणजे कळपासह एकत्र फिरणाऱ्या बिऱ्हाडांची. सातारा, पुणे, अहिल्यानगर, सांगली या जिल्ह्यांच्या कोरड्या पट्ट्यातील मेंढपाळ पावसाळा सरला की बिऱ्हाड घोड्यावर लादून निघतात. काही वाडे घाट उतरून कोकणात जातात, काही पूर्वेकडे वळतात आणि मृगाच्या सुमारास परततात. रिकाम्या झालेल्या रानात मेंढ्या बसवल्या की लेंडीखत मिळते, म्हणून शेतकरी त्यांना बोलावतो आणि मोबदल्यात धान्य किंवा पैसे देतो. शेती आणि मेंढपाळी यांना बांधणारी ही जुनी आणि शहाणी रीत आहे. पण रात्री वाघरीच्या जाळीत शेकडो मेंढ्या अंगाला अंग लावून बसतात, कोकरे डालग्याखाली झाकलेली असतात, आणि वाटेत पाणवठ्यावर दुसरा वाडा भेटतोच. एका वाड्यात आजार असेल तर तो दुसऱ्यात जायला एवढी जवळीक पुरते. चालून थकलेल्या, चाऱ्याला तुटलेल्या जनावरावर तो लवकर मात करतो.

दुसरी वाट आठवडा बाजाराची. लोणंदसारख्या बाजारात गावोगावची शेळी-मेंढी एका आवारात येते. घेणारा प्रत्येक जण जनावराचा ओठ वर करून दात बघतो, अदात की दोन दाती ते ठरवतो, हात धोतराला किंवा पँटला पुसतो आणि पुढच्या जनावराच्या तोंडात घालतो. ताप चढू लागलेल्या पण लक्षणे न उमटलेल्या शेळीच्या लाळेतून रोग असा एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जाऊ शकतो. त्याहून मोठा धोका न विकलेल्या जनावराचा. ते संध्याकाळी घरच्या दावणीला परत बांधले जाते आणि आठवड्याभरात गोठा आजारी पडतो. घरात आजार दिसताच उरलेली जनावरे मिळेल त्या भावाला विकून टाकण्याची धडपड होते. हातावर पोट असलेल्या माणसाचा तो नाइलाज असतो, पण साथ त्यातूनच पुढच्या गावी पोचते.

तिसरी वाट लांब पल्ल्याच्या व्यापाराची. बकरी ईदच्या आधी राजस्थान, मध्य प्रदेश, गुजरात अशा राज्यांतून ट्रक भरून बोकड मुंबईच्या देवनारसारख्या बाजारांत येतात. दोन-तीन दिवसांच्या प्रवासात वेगवेगळ्या मुलखांतली जनावरे एकत्र कोंबली जातात. पायी जाणारा कळप आठवड्यात जेवढे अंतर तोडतो, तेवढे ट्रक काही तासांत तोडतो. म्हणजे विषाणूचा दबा धरून बसण्याचा काळ संपायच्या आत जनावर शेकडो कोसांवर पोचलेले असते.

लहान जनावराचे मोल

शेळीला गरिबाची गाय म्हणतात. २०१९ च्या पशुगणनेनुसार देशात सुमारे १४.८९ कोटी शेळ्या आणि ७.४३ कोटी मेंढ्या होत्या. महाराष्ट्रात शेळ्या सुमारे १.०६ कोटी आणि मेंढ्या सुमारे २७ लाख. यांतली बरीच जनावरे भूमिहीन मजुरांच्या, अल्पभूधारकांच्या आणि भटक्या मेंढपाळांच्या दावणीची आहेत, आणि शेळ्यांची रोजची देखभाल बहुतेक ठिकाणी बाया करतात. बँकेत पैसा नसलेल्या घराचा तो चालता-बोलता साठा असतो. मुलाची फी, दवाखान्याचा खर्च, लग्नातली देणी एखादा बोकड विकून भागवली जातात. जुळी करडे देणारी उस्मानाबादी शेळी किंवा दुष्काळात तगणारी दख्खनी मेंढी अशा घराला सावरून धरते.

साथ आली की हा सगळा साठा एका पंधरवड्यात संपतो. बैल मेला तर गावात बोभाटा होतो. पाच शेळ्या मेल्या तर त्या गावाबाहेर पुरल्या जातात किंवा ओढ्यात टाकल्या जातात आणि गोष्ट तिथेच संपते. नोंद झाली नाही की साथ कागदावर दिसत नाही, आणि जी कागदावर दिसत नाही तिच्यासाठी लसही वेळेवर निघत नाही. पीपीआरचा उशिरा लागलेला शोध आणि त्याच्या नियंत्रणाची मंद सुरुवात यांच्या मुळाशी हे दुर्लक्ष आहे.

लस

पीपीआरविरुद्धचे पहिले हत्यार उसने होते. दोन्ही विषाणूंच्या जवळिकीमुळे बुळकांडीची लस शेळ्या-मेंढ्यांनाही दिली जाई. पण बुळकांडी संपत आली तेव्हा ही सोय अडचणीची ठरली. एखादा देश बुळकांडीमुक्त आहे हे सिद्ध करायचे तर जनावरांच्या रक्तात तिची प्रतिपिंडे सापडता कामा नयेत. लस टोचत राहिले तर ती सापडणारच. म्हणून पीपीआरच्या स्वतःच्या लसीची गरज निर्माण झाली. नायजेरियात १९७५ मध्ये मिळालेला विषाणू सौम्य करून तयार केलेली लस १९८९ मध्ये पुढे आली. भारतात हिमाचल प्रदेशातील सुंगरी येथून मिळालेल्या विषाणूपासून मुक्तेश्वरच्या शास्त्रज्ञांनी ‘सुंगरी ९६’ ही लस तयार केली, तर तमिळनाडूच्या पशुवैद्यक विद्यापीठात अरसूरच्या विषाणूपासून दुसरी लस झाली. एका टोचणीने किमान तीन वर्षे संरक्षण मिळते, हे या लसींचे मोठे बळ आहे.

प्रत्यक्ष लसीकरण वाटते तितके सोपे नाही. लस कोरड्या गोळीसारखी कुपीत असते आणि ती बर्फात ठेवावी लागते. द्रावणात मिसळल्यावर थोड्याच वेळात वापरून संपवावी लागते, कारण ऊन लागताच तिच्यातला जिवंत विषाणू मरतो आणि टोचणी वाया जाते. म्हणून काम पहाटेचे. कळप चरायला सुटण्याआधी वाघरीच्या तोंडाशी माणूस उभा राहतो, एकेक मेंढी धरून देतो, दुसरा कातडीखाली एक मिलिलिटर लस टोचतो आणि तिसरा पाठीवर रंगाची खूण करतो, म्हणजे तीच मेंढी पुन्हा धरली जात नाही. तीन-चार महिन्यांखालची कोकरे वगळावी लागतात, कारण आईच्या चिकातून मिळालेली प्रतिपिंडे लसीला निकामी करतात. पण विक्री आणि विणींमुळे कळपातली जनावरे दरवर्षी मोठ्या प्रमाणात बदलतात, त्यामुळे ही वगळलेली कोकरे पुढच्या हंगामात टोचली गेली नाहीत तर साथीला पुन्हा जागा मिळते.

केंद्र सरकारचा पीपीआर नियंत्रण कार्यक्रम २०१०-११ मध्ये सुरू झाला आणि पहिल्या टप्प्यात दक्षिणेकडील राज्यांबरोबर महाराष्ट्र आणि गोव्याचाही समावेश होता. पुढे तो देशभर नेण्यात आला. जिथे सलग काही वर्षे कसून लसीकरण झाले तिथे साथी कमी झाल्या. जिथे खंड पडला तिथे त्या परतल्या.

निर्मूलनाचे उद्दिष्ट

याच काळात रोग जगभर नव्या प्रदेशांत शिरत होता. २००७ मध्ये तो तिबेटमध्ये दिसला, २००८ मध्ये मोरोक्कोत, २०१३ च्या अखेरीस चीनमध्ये पुन्हा शिरून पुढच्या वर्षभरात तो त्या देशात दूरवर पसरला. २०१६ मध्ये मंगोलियातील पाळीव जनावरांत आला आणि त्यांच्यापासून सायगा या दुर्मिळ कुरंगांना लागून हजारो सायगा मेले. २०१८ मध्ये तो बल्गेरियात आणि २०२४ मध्ये ग्रीस व रुमानियात पोचला. पाळीव कळपातली साथ रानातल्या प्राण्यांच्या मुळावर येऊ शकते, हे सायगांच्या मृत्यूने दाखवून दिले.

बुळकांडी पृथ्वीवरून नाहीशी झाल्याची घोषणा २०११ मध्ये झाली. माणसातील देवीनंतर निर्मूलन झालेला हा दुसरा रोग. त्या यशाच्या भरवशावर संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना आणि जागतिक पशुआरोग्य संघटना यांनी २०१५ मध्ये आयव्हरी कोस्टमधील आबिजान येथे, म्हणजे ज्या देशात हा रोग प्रथम नोंदला गेला तिथेच, २०३० पर्यंत पीपीआरचे निर्मूलन करण्याचे उद्दिष्ट जाहीर केले. शास्त्राच्या बाजूने ते अशक्य नाही. विषाणूचे चार वंश असले तरी एकच लस सर्वांवर चालते, बरे झालेले जनावर रोग बाळगत नाही आणि विषाणू उघड्यावर फार टिकत नाही.

अडचण आहे ती माणसाच्या बाजूला. शेळ्या-मेंढ्यांची संख्या गुरांहून वेगाने बदलते, त्यांचे मालक विखुरलेले आणि फिरते असतात, आणि एका शेळीची किंमत लस घेऊन गावी पोचण्याच्या खर्चापुढे थोडी वाटते. त्यामुळे या कामात लसीइतकेच महत्त्व तीन साध्या गोष्टींना येते. नवे जनावर आणले की ते किमान दोन-तीन आठवडे वेगळे बांधणे. आजारी कळप बाजारात न नेणे आणि त्यासाठी मालकाला भरपाईचा आधार देणे. आणि मेलेल्या प्रत्येक शेळी-मेंढीची नोंद होईल अशी व्यवस्था गावपातळीवर उभी करणे. वाडा स्थलांतराला निघण्याआधीच लसीकरण उरकणे हाही त्याचाच भाग आहे, कारण कळप रानोमाळ पांगल्यावर त्याला गाठणे अवघड होते. बुळकांडी संपली ती प्रत्येक बैलाच्या मरणाची दखल घेतली गेली म्हणून. तीच दखल शेळीच्या वाट्याला येईल तेव्हाच हा रोगही संपेल.